बोलणारा संगणक आणि निवडीचा प्रश्न

नवा संगणक घेताना त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी, याचा विचार बहुतेकजण फारसा करीत नाहीत. दुकानदार विंडोज घालून देतो, ज्याला परवडते तो ॲपलचा मॅक घेतो आणि काही हौशी मंडळी लिनक्सच्या वाटेला जातात. नव्या प्रणालीची सवय व्हायला आठवडा-पंधरवडा लागतो; मग पडद्यावरची चित्रे ओळखीची होतात आणि काम सुरू होते. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मात्र ही निवड अगदी निराळ्या स्वरूपाची असते. संगणक बोलला तरच तो तिच्यासाठी संगणक; बोलायचा थांबला की टेबलावर उरते ते एक मुके खोके. कोणती प्रणाली घ्यायची, याचा तिच्यासाठी अर्थ आपला अभ्यास, नोकरी आणि बँकेचे व्यवहार कोणत्या आवाजाच्या भरवशावर सोपवायचे, असा होतो. आणि तो आवाज चालू ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्नही त्यातच दडलेला असतो.

२०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद दृष्टीशी संबंधित अपंगत्व असलेल्या म्हणून झाली. बँका, महाविद्यालये, न्यायालये, सॉफ्टवेअर कंपन्या अशा अनेक ठिकाणी दृष्टिहीन व्यक्ती आज संगणकावर काम करताना दिसतात. त्यांच्यातले काहीजण तर स्वतः प्रोग्रामर आहेत. त्यांची निवड कशी ठरते हे समजून घेतले, तर आपण डोळसपणे वापरीत असलेल्या यंत्राविषयीही बरेच काही कळते.

पडदा वाचणे म्हणजे काय?

दृष्टिहीन व्यक्ती ज्या आज्ञावलीच्या साह्याने संगणक वापरते तिला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. या नावावरून असा समज होतो की, ती आज्ञावली माणसासारखी पडदा पाहते आणि वाचून दाखवते. प्रत्यक्षात स्क्रीन रीडर ऑपरेटिंग सिस्टिमला प्रश्न विचारीत असतो. आता आपण कोठे आहोत, असे त्याने विचारले की उत्तर येते : हे बटण आहे, त्याचे नाव 'पाठवा' आहे आणि ते सध्या वापरता येण्याजोगे आहे. हे उत्तर मग मजकुराचे बोलण्यात रूपांतर करणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीकडे जाते, किंवा बोटांखाली ठिपके वर-खाली करणाऱ्या ब्रेल पट्टीकडे. विचारणारा कितीही चतुर असला, तरी उत्तर देणाऱ्यापाशी उत्तर असावे लागते. एखाद्या प्रोग्रामरने पडद्यावर सुंदर बटण रंगवले, पण त्याला नावच दिले नाही, तर ऐकू येते केवळ 'बटण'. अशी सात बटणे ओळीने असली, की सात वेळा 'बटण', 'बटण' एवढेच.

माऊसचा येथे फारसा उपयोग नसतो. सारा कारभार कीबोर्डवरून चालतो आणि प्रत्येक स्क्रीन रीडरची आज्ञांची स्वतंत्र भाषा असते. विंडोजवरील जॉज किंवा एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये संकेतस्थळ उघडल्यावर 'एच' ही कळ दाबली की पुढचे शीर्षक येते, 'टी' दाबली की पुढचा तक्ता. मॅकवर कंट्रोल आणि ऑप्शन या दोन कळा एकत्र दाबून पडद्याच्या एका कप्प्यात 'शिरावे' लागते आणि काम झाल्यावर बाहेर यावे लागते. ही भाषा बोटांत मुरायला काही महिने लागतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने अनेकजण नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकू लागतात. डोळस माणसाला तो आवाज म्हणजे नुसती भुणभुण वाटते. अशा वेगात गोड, माणसासारखा आवाज अडचणीचा ठरतो. म्हणूनच अनेक जाणकार ई-स्पीक किंवा एलोक्वन्स यांचे यांत्रिक, पण स्पष्ट आवाज पसंत करतात. प्रणाली बदलायची म्हणजे हा सारा सराव पुन्हा पहिल्यापासून करायचा. त्यामुळे 'अमुक वापरून पाहा ना' हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण असते.

डॉसचा सुकाळ, विंडोजची कोंडी

ऐकून आश्चर्य वाटेल, पण १९८० च्या दशकातील डॉस ही प्रणाली अंधांना बरीच सोयीची होती. त्या काळ्या पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, एवढाच पसारा असे. ही अक्षरे संगणकाच्या स्मृतीत ठरावीक जागी ओळीने मांडलेली असत. ती तेथून उचलायची आणि उच्चारायची, एवढे केले की काम भागे. आयबीएममधील गणिती जिम थॅचर यांनी याच काळात आपल्या दृष्टिहीन सहकाऱ्याच्या गरजेतून आयबीएमचा स्क्रीन रीडर विकसित केला. मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मधील अपघातात गेली. त्यानंतर ते संगणकशास्त्र शिकले, १९८७ मध्ये त्यांनी भागीदारीत कंपनी काढली आणि १९८९ मध्ये डॉससाठी 'जॉज' बाजारात आणला. जॉज हे 'जॉब ॲक्सेस विथ स्पीच'चे लघुरूप आहे. आवाजाच्या आधारे नोकरीपर्यंत पोहोचणे, हा हेतू नावातच सांगितला होता.

मग चित्रांचे राज्य आले. विंडोजमध्ये अक्षरेसुद्धा ठिपक्यांनी रंगवली जाऊ लागली. रंगवून झाल्यावर ते अक्षर होते याची नोंद कोठे उरेना. ज्या बदलाने कोट्यवधी डोळस लोकांना संगणक सोपा झाला, त्याच बदलाने अंधांची वाट अडवली. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी त्यावर एक अवघड तोड काढली. पडद्यावर चित्र काढण्याच्या आज्ञा जात असतानाच त्या मध्ये पकडायच्या आणि पडद्याची एक शब्दरूप प्रत आपल्यापाशी तयार करायची. हे काम म्हणजे भिंतीआडून येणाऱ्या आवाजांवरून शेजारच्या घरात काय चालले आहे हे ओळखण्यासारखे होते. प्रणालीची नवी आवृत्ती आली की अंदाज चुकत आणि सारी खटपट पुन्हा करावी लागे.

हा प्रश्न तंत्रज्ञानापुरता राहिला नाही. १९९५ मध्ये विंडोज ९५ आले, तेव्हा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंध आयोगाने ते राज्याच्या कार्यालयांत घेण्यास हरकत घेतली. सरकारी नोकरीत असलेल्या अंध कर्मचाऱ्यांचे काम त्यामुळे बंद पडेल, हे त्यामागचे कारण होते. मोठ्या गिऱ्हाइकाने डोळे वटारले की कंपन्या ऐकतात. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी' ही व्यवस्था आणली. पडद्यावरील वस्तूने आपले नाव, प्रकार आणि स्थिती स्वतःच सांगावी, अशी तिची योजना होती. पण त्याच वर्षी आलेल्या कंपनीच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ मध्ये या व्यवस्थेचा पत्ताच नव्हता. त्यावर गहजब झाला आणि लगेचच्या सुधारित आवृत्तीत ती उणीव दूर करावी लागली. एकाच कंपनीच्या एका विभागाने दार उघडावे आणि दुसऱ्याने लावून घ्यावे, असा प्रकार या क्षेत्रात नंतरही वारंवार घडला आहे.

विंडोजचे पारडे जड का?

वेबएम ही अमेरिकी संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी अधूनमधून करते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या दहाव्या पाहणीत दीड हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. त्यांतील ८६ टक्क्यांच्या आसपास लोक विंडोजवर होते. मुख्य स्क्रीन रीडर म्हणून सुमारे ४१ टक्क्यांनी जॉज आणि सुमारे ३८ टक्क्यांनी एनव्हीडीए निवडला होता. उत्तरे देणारे प्रामुख्याने उत्तर अमेरिका आणि युरोपातील होते, हे ध्यानात घेऊनही विंडोजचे वर्चस्व स्पष्ट दिसते.

याचे कारण मायक्रोसॉफ्टवरील प्रेमात शोधण्याची गरज नाही. कार्यालयांत विंडोज असते, तेथे वर्ड आणि एक्सेल चालते, बँकांच्या आज्ञावल्या तेथेच चालतात. जॉजच्या निर्मात्यांनी तीन दशके खपून एकेका आज्ञावलीसाठी त्याला शिकवून तयार केले आहे. ज्याला नोकरी हवी त्याला नोकरीच्या ठिकाणी जे यंत्र असेल तेच वापरावे लागते. डोळस कर्मचाऱ्यालाही हे लागू आहे. पण तो घरी मॅक वापरून कार्यालयात सहज विंडोजवर बसू शकतो. अंध कर्मचाऱ्याला मात्र दोन वेगवेगळ्या कीबोर्ड-भाषांत पारंगत व्हावे लागते.

या वर्चस्वाला पैशाची बाजूही होती. २००० च्या दशकात जॉजची किंमत नऊशे ते अकराशे डॉलर होती. भारतातील मध्यमवर्गीय घराला खुद्द संगणकापेक्षा त्याचा आवाज महाग पडत असे. परवान्याविना जॉज चाळीस मिनिटे बोलतो. त्यानंतर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. ज्यांना विकत घेणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी संगणकाचे जग चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत वाटलेले होते.

ही कोंडी फोडली ती ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी. मायकेल करन यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतला आणि पुढे जेम्स टे त्यांना येऊन मिळाले. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात झाली होती. अंध माणसाने त्याच संगणकासाठी डोळस माणसापेक्षा जास्त पैसे का मोजावेत, हा त्यांचा साधा प्रश्न होता. एनव्हीडीए विनामूल्य आहे आणि त्याची आज्ञावलीही सर्वांना पाहण्यास व बदलण्यास खुली आहे. ती मुख्यतः पायथन या भाषेत लिहिली असल्याने जगभरातील अंध प्रोग्रामरांनी तिला आपापल्या भाषा आणि जोडण्या दिल्या. तिच्यासोबत मिळणारा ई-स्पीक एनजी हा आवाज मराठीही बोलतो. उच्चार यांत्रिक आहे, पण मराठी मजकूर ऐकण्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही.

ॲपलची वाट

मॅकचा इतिहास अधिक चढउतारांचा आहे. चित्ररूप पडद्यासाठीचा पहिला स्क्रीन रीडर, 'आउटस्पोकन', १९८९ मध्ये मॅकसाठीच निघाला. तो एका स्वतंत्र कंपनीचा होता आणि २००३ मध्ये बंद झाला. त्यावर विसंबून असलेले लोक उघड्यावर पडले. त्यानंतर एप्रिल २००५ मध्ये ॲपलने 'व्हॉइसओव्हर' हा स्वतःचा स्क्रीन रीडर मॅक ओएस टेन टायगर या प्रणालीतच घालून दिला. दुकानातील कोणत्याही मॅकवर कमांड आणि एफ-५ या कळा दाबाव्यात आणि त्याने बोलू लागावे, ही कल्पना त्या काळी नवी होती. वेगळे विकत घेणे नाही आणि बसवून द्यायला कोणाची विनवणी नाही.

जून २००९ मध्ये आलेल्या आयफोन ३ जीएसमध्ये व्हॉइसओव्हर आला, तेव्हा सपाट काचेचा फोन अंध माणूस कसा वापरणार, अशी शंका अनेकांना होती. बोट काचेवरून फिरवले की खाली जे असेल त्याचे नाव ऐकू येते आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते, ही पद्धत काही दिवसांत अंगवळणी पडते असे आढळले. वेबएमच्या त्याच पाहणीत सुमारे ७० टक्के लोकांनी फोनवर व्हॉइसओव्हर वापरत असल्याचे सांगितले. संगणकावर विंडोज आणि हातात आयफोन, अशी सरमिसळ पाश्चात्त्य देशांत सर्रास आढळते. त्याच वर्षी अँड्रॉइडवर 'टॉकबॅक' आला आणि स्वस्त फोनही बोलू लागले. भारतासारख्या देशाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ॲपलच्या वाटेची मर्यादाही तिच्या स्वरूपातच आहे. आवाज आणि प्रणाली एकाच कंपनीच्या हाती असतात. एखादी चूक राहिली तर ती कळवायची आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. बाहेरच्या कोणाला ती दुरुस्त करता येत नाही.

पुण्याचा गणिती आणि लिनक्सचा आवाज

स्वतः दुरुस्त करण्याची मुभा हेच लिनक्सचे मुख्य आकर्षण आहे. या वाटेवरील एक मोठे नाव आपल्या पुण्याचे आहे. टी. व्ही. रमण पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. गणिताची किचकट समीकरणे ऐकून समजावीत अशा रीतीने बोलून दाखवणारी प्रणाली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. 'ॲस्टर' हे तिचे नाव त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचेही नाव होते.

१९९५ मध्ये रमण यांनी 'ईमॅकस्पीक' खुला केला. त्यामागचा विचार मूलगामी होता. आधी डोळ्यांसाठी पडदा रंगवायचा आणि मग तो कानांसाठी वाचायचा, हा उलटा प्रवास कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. ईमॅक्स या मजकूर-संपादकाला आपण काय दाखवीत आहोत याचा अर्थ ठाऊक असतो. मग त्यानेच तो अर्थ थेट बोलावा. डोळस प्रोग्रामरला पडद्यावर भाषेतील ठरावीक शब्द एका रंगात आणि टिपणे दुसऱ्या रंगात दिसतात. ईमॅकस्पीकमध्ये रंगांच्या जागी आवाजाचे पोत बदलतात. टिपण एका स्वरात, मूळ आज्ञा दुसऱ्या स्वरात. रमण पुढे अडोबी, आयबीएम आणि २००५ पासून गूगलमध्ये गेले. अँड्रॉइडला बोलते करण्याच्या सुरुवातीच्या कामातही त्यांचा वाटा होता.

लिनक्सच्या नुसत्या मजकुराच्या पडद्यासाठी 'स्पीकअप' आहे. तो प्रणालीच्या गाभ्यातच बसत असल्याने यंत्र सुरू होताना येणारे संदेशही ऐकवू शकतो. २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्याच्या प्रायोगिक विभागात घेतला गेला आणि २०२० मध्ये मुख्य भागात सामावला. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवताना सुरुवातीलाच 'एस' ही कळ दाबून एंटर केले, की पुढची सारी स्थापना आवाजाच्या साह्याने करता येते. कोणा डोळस माणसाला बोलावल्याविना रिकाम्या यंत्रावर प्रणाली चढवता येणे, ही बाब स्वावलंबनाच्या दृष्टीने मोठी आहे.

चित्ररूप लिनक्ससाठी 'ऑर्का' नावाचा स्क्रीन रीडर आहे. जॉज या नावाने आठवतो तो शार्क, म्हणून याचे नाव देवमाशावरून. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने तो वाढवला. २०१० च्या आरंभी ओरॅकलने ती कंपनी विकत घेतली आणि या कामावरील माणसे कमी झाली. ऑर्का खासगी मालकीचा असता तर तेथेच संपला असता. तो मुक्त असल्याने इतरांनी हाती घेतला आणि आजही चालू आहे. याच्या उलट उदाहरण विंडोजवरच्या 'विंडो-आइज'चे आहे. जॉजचा हा जुना प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत अखेर जॉजच्याच मालकांकडे गेला आणि २०१७ मध्ये बंद करण्यात आला. त्याच्या चाहत्यांना तो पुढे चालवायचा असता, तरी आज्ञावली त्यांच्या हाती नव्हती.

तरीही मुक्ततेवर सारे सुटते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मुक्त आज्ञावली कोणी बंद करू शकत नाही हे खरे. पण ती चालू ठेवण्याचे बंधनही कोणावर नसते. लिनक्सच्या जगात अलीकडे 'वेलँड' ही पडदा हाताळण्याची नवी व्यवस्था रुळली आहे. एका आज्ञावलीसाठी दाबलेली कळ दुसरीला कळू नये, हा तिचा सुरक्षेचा नियम आहे. चोरट्या आज्ञावल्यांना रोखण्यासाठी तो योग्यच. परंतु स्क्रीन रीडरला नेमके तेच करावे लागते. दाबलेल्या कळा त्याला कळल्याच नाहीत, तर आज्ञा कोणती दिली हे तो ओळखणार कसा? त्यावर उपाय शोधण्याचे काम मागाहून झाले आणि २०२५ च्या ग्नोम ४८ या आवृत्तीत त्यात सुधारणा झाली. नवी इमारत बांधून झाल्यावर जिना कोठे ठेवायचा याचा विचार करण्याची ही सवय मुक्त जगालाही सुटलेली नाही.

मॅसॅच्युसेट्सचा दुसरा धडा

मुक्त तंत्रज्ञान आणि अंधांचे हित यांची थेट गाठ २००५ मध्ये पुन्हा मॅसॅच्युसेट्समध्येच पडली. सरकारी कागदपत्रे एका कंपनीच्या मालकीच्या स्वरूपात अडकू नयेत, म्हणून १ जानेवारी २००७ पासून 'ओपनडॉक्युमेंट' हे खुले स्वरूप वापरण्याचे त्या राज्याने ठरवले. तत्त्व म्हणून हा निर्णय निर्दोष होता. मात्र ते स्वरूप वापरणाऱ्या ओपनऑफिससारख्या आज्ञावल्या त्या काळी स्क्रीन रीडरशी धड बोलत नव्हत्या. अपंगांच्या संघटनांनी विरोध केला आणि आपण मायक्रोसॉफ्टची तळी उचलत असल्याचे टोमणेही त्यांना ऐकावे लागले. त्यांचे म्हणणे सोपे होते : जनतेच्या स्वातंत्र्यासाठी आमची नोकरी जावी, हे आम्हांस मान्य नाही.

या वादातून निघाले ते मात्र सर्वांच्याच उपयोगाचे ठरले. वर्डमधूनच खुल्या स्वरूपात कागद जतन करण्याच्या सोयी तयार झाल्या. आयबीएमने डिसेंबर २००६ मध्ये 'आयॲक्सेसिबल-२' हा नियमसंच सर्वांसाठी खुला केला. त्याने आज्ञावलीला स्क्रीन रीडरशी अधिक तपशिलाने बोलता येते. फायरफॉक्सने तो स्वीकारला, एनव्हीडीएने त्याचा लाभ घेतला आणि फायरफॉक्समागील मोझिलाने एनव्हीडीएच्या कामाला पैसेही दिले. खुलेपणा आणि सुगम्यता एकमेकींच्या विरोधात नाहीत. पण एकीचा विचार करताना दुसरी गृहीत धरली, तर किंमत अंध कर्मचाऱ्याला मोजावी लागते.

अंध प्रोग्रामर काय निवडतात?

प्रोग्रामिंग हे मुळात मजकुराचे काम. त्यामुळे ते अंधांना साधावे हे स्वाभाविक आहे. अडचण येते ती साधनांपाशी. पडद्यावर बटणे माऊसने ओढून मांडायची साधने, आकृत्यांतून दाखवलेले आराखडे आणि केवळ लाल रेघेने दाखवलेली चूक यांपाशी वाट अडते. पायथन भाषेत ओळ किती आत सरकवली आहे यावर अर्थ ठरतो. डोळ्यांना ते एका नजरेत दिसते. एनव्हीडीएमध्ये त्यासाठी स्वरांची सोय आहे. ओळ जितकी आत, तितका वेगळा सूर. ऐकता ऐकता रचना मनात उभी राहते.

अनेकांनी काढलेली तोड मिश्र स्वरूपाची आहे. समोरचा संगणक विंडोजचा, त्यावर एनव्हीडीए किंवा जॉज, आणि प्रत्यक्ष काम दूरच्या लिनक्स सर्व्हरवर. तेथून केवळ मजकूर येतो आणि तो वाचायचे काम समोरचा स्क्रीन रीडर करतो; सर्व्हरला बोलता येण्याची गरजच राहत नाही. २०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवता येऊ लागल्याने ही सोय आणखी वाढली. २०१५ मध्ये आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात चूक असलेल्या ओळीवर येताच ध्वनी वाजतो, हेही उपयुक्त ठरले आहे. याउलट ज्याला आयफोनसाठी ॲप लिहायचे आहे त्याला मॅक घेण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ज्याला आपल्या यंत्राचा कण आणि कण स्वतःच्या ताब्यात हवा आहे, तो लिनक्सचा मजकुराचा पडदा आणि ब्रेल पट्टी यांवर समाधानाने काम करतो.

एक ठिकाण मात्र सर्वांनाच अडवते. संगणक चालू होताच, कोणतीही प्रणाली जागी होण्याआधी जो बायोसचा पडदा येतो, तो सर्वसाधारण यंत्रांवर मुकाच असतो. प्रणाली नव्याने बसवायची किंवा बिघाड शोधायचा तर नेमके तेथेच जावे लागते. मग घरातल्या कोणाला हाक मारायची, नाहीतर फोनचा कॅमेरा समोर धरून दूरच्या स्वयंसेवकाकडून वाचून घ्यायचे. इतरांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या निष्णात अंध अभियंत्यालाही आपल्या यंत्राच्या या पहिल्या पडद्यापाशी परावलंबी व्हावे लागते.

मराठी कागदाचे काय?

प्रणाली कोणतीही निवडली, तरी एक प्रश्न उरतो आणि तो आपल्या भाषेचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकित होत असे आणि अनेक ठिकाणी आजही होतो. या फॉन्टमध्ये अक्षराचे केवळ चित्र मराठी असते. संगणकाच्या दप्तरी त्याची नोंद रोमन अक्षर म्हणून असते. कृतिदेव फॉन्टमध्ये दिसणारा 'क' संगणकाच्या लेखी इंग्रजी 'डी' असतो. डोळस वाचकाला सुवाच्य मराठी दिसते आणि स्क्रीन रीडर अर्थहीन रोमन अक्षरांचा पाढा वाचतो. तीच गत छायाचित्र काढून पीडीएफ म्हणून पाठवलेल्या परिपत्रकाची. अशा कागदापुढे जॉज, व्हॉइसओव्हर आणि ऑर्का सारखेच हतबल होतात. मजकूर ओळखणारी वेगळी आज्ञावली वापरून अंदाजाने वाचावे लागते. हा दोष संगणकाचा नाही. तो कागद तयार करणाऱ्याच्या सवयीचा आहे आणि ती सवय बदलायला पैसे लागत नाहीत.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे असावे, असे म्हटले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या ओळख-पडताळणीच्या संदर्भात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. आता प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा. ती दिल्लीतल्यापेक्षा आपल्या कार्यालयातल्या टेबलावर अधिक अवलंबून आहे.

विंडोज, मॅक की लिनक्स, याचे एकच उत्तर नाही. नोकरीच्या ठिकाणी काय आहे, खिशाला काय परवडते, बिघाड झाल्यास कोण धावून येईल आणि स्वतः दुरुस्त करण्याची उमेद किती, यांवर ते ठरते. मात्र निवडीचा अधिकार खरा व्हायचा तर प्रत्येक वाटेवर आवाज हवा. तो आजवर बव्हंशी अंधांनीच निर्माण केला आहे. हेंटर, रमण, करन आणि टे ही त्याची साक्ष आहे. बटणाला नाव देणे, संस्थेसाठी सॉफ्टवेअर घेताना ते कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरने चालते का हे खरेदीआधी विचारणे, मराठी पत्र युनिकोडमध्ये टंकित करणे, ही कामे उरतात ती डोळसांची. ती झाली नाहीत, तर उत्तम स्क्रीन रीडरही 'बटण', 'बटण' एवढेच म्हणत राहील.